‘नार्को करा’ म्हणण्याआधी

कुठे खून झाला, दरोडा पडला, एखादी पोरगी बेपत्ता झाली, की आपल्याकडे आठवडाभरात मोर्चा निघतो. तहसीलदारांना निवेदन दिलं जातं, फोटो काढला जातो. निवेदनातल्या मागण्या आता पाठ झाल्यात. खटला फास्ट ट्रॅक कोर्टात चालवा. चांगला सरकारी वकील द्या. आरोपीला फाशी द्या. आणि संशयितांची नार्को टेस्ट करा.

मोर्चे काढू नका असं मी अजिबात म्हणत नाही. मोर्चा निघाला नाही तर कितीतरी प्रकरणं पोलीस ठाण्याच्या कपाटातच राहतील. पण ही जी शेवटची मागणी आहे, ती करताना आपण नेमकं काय मागतो हे एकदा नीट समजून घ्यावं, एवढ्यासाठी हे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवड असेल तेव्हा वाचा.

आपला समज असा की माणसाच्या मनात सत्य विहिरीतल्या पाण्यासारखं साठलेलं असतं. इंजेक्शन दिलं, मशीन लावलं की पोहरा खाली जातो आणि भरून वर येतो. हा समज सिनेमा आणि न्यूज चॅनलनं पक्का केलाय. प्रत्यक्षात काय होतं?

नार्कोमध्ये सोडियम पेंटोथाल नावाचं औषध शिरेतून हळूहळू देतात. हे मुळात भुलीचं औषध आहे. ऑपरेशनला द्यायचं त्यापेक्षा कमी मात्रेत दिलं की माणूस ना धड झोपेत ना धड जागा, अशा अवस्थेत जातो. त्याचा स्वतःवरचा ताबा सुटतो आणि तो बोलू लागतो. बोलतो हे खरं. पण काय बोलतो? खरं घडलेलं, स्वप्नात पाहिलेलं, कुणाकडून ऐकलेलं, आणि प्रश्न विचारणाऱ्यानं प्रश्नातच सुचवलेलं, सगळं एकत्र. दारू प्यालेला माणूस पोटातलं बोलतो म्हणतात. पण त्या बोलण्यावर कुणी सातबारा नावावर करून देतं का?

ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीची आहे. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये रॉबर्ट हाऊस नावाच्या डॉक्टरनं बाळंतपणात वापरायचं स्कोपोलामाइन हे औषध १९२२ मध्ये तुरुंगातल्या कैद्यांवर वापरलं आणि माणूस या गुंगीत खोटं बोलू शकत नाही असा दावा केला. तेव्हापासून ‘सत्य वदवणारं औषध’ हा शब्द जगभर फिरतोय. औषधं बदलली, दावा काही सिद्ध झाला नाही.

दुसरी चाचणी पॉलिग्राफ, म्हणजे लाय डिटेक्टर. यात इंजेक्शन नसतं. छातीला पट्टा, दंडाला बीपीचा पट्टा, बोटांना तारा. श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम एवढंच मशीन मोजतं. खोटं मोजण्याचं मशीन जगात अजून कुणी बनवलेलं नाही. हे मशीन घाबरणं मोजतं, आणि घाबरायला माणूस गुन्हेगारच असावा लागत नाही.

तिसरी ब्रेन मॅपिंग. डोक्यावर तारांची टोपी घालतात आणि गुन्ह्याशी संबंधित वाक्यं ऐकवतात. तुम्ही एक शब्दही बोलायचा नसतो. मेंदूतल्या विजेच्या लहरींवरून ‘हा अनुभव या माणसानं घेतलाय’ असं मशीन सांगतं म्हणे.

आता आपल्या दाराशी काय घडलं ते पाहू. नामपूरवरून वाहणारी मोसम पुढे मालेगावात जाते. बाजारहाट, दवाखाना, कॉलेज, सगळ्यासाठी आपण तिथे जातो. त्या मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले. तीसहून जास्त माणसं गेली. तपासात नऊ मुस्लिम तरुणांना आरोपी केलं गेलं. त्यांतल्या काहींची नार्को झाली, ब्रेन मॅपिंग झालं. त्या काळात या चाचण्यांच्या बातम्या ‘कबुली दिली’ अशाच थाटात यायच्या. पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. ज्यांना खटल्याआधीच दोषी ठरवून टाकलं होतं, त्यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचं समोर आलं. २५ एप्रिल २०१६ ला विशेष न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं. मधली वर्षं, त्यांतली पाचेक तुरुंगातली, कुणी परत दिली नाहीत.

दोन वर्षांनी, २९ सप्टेंबर २००८ ला, भिक्कू चौकात दुसरा स्फोट झाला. सहा जण मेले. या वेळी आरोपी दुसऱ्या बाजूचे होते. साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांच्याही नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग अशा चाचण्या झाल्या. पुन्हा तेच मथळे, फक्त टाळ्या वाजवणारे आणि चिडणारे लोक बदलले. ३१ जुलै २०२५ ला त्या खटल्यातले सातही आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

या दोन्ही निकालांवर आपली मतं वेगवेगळी असतील. माझ्याच घरात वेगवेगळी आहेत. तो वाद इथे नको. मुद्दा एवढाच की एकाच गावातली दोन प्रकरणं, आरोपी दोन वेगळ्या समाजांतले, आणि दोन्हीकडे मनात घुसण्याचा प्रयोग झाला. तरी ज्यांची माणसं गेली त्यांच्या हाती काय आलं? स्फोट कुणी केले हे त्या इंजेक्शनांनी आणि टोप्यांनी सिद्ध झालं नाही. म्हणजे ‘नार्को केली असती तर सत्य बाहेर आलं असतं’ हे वाक्य निदान मालेगावच्या आसपास राहणाऱ्यांनी तरी म्हणू नये. नार्को झाली होती.

तिसरं उदाहरण पुण्याचं. जून २००८ मध्ये तिथल्या सत्र न्यायालयानं एमबीएच्या एका विद्यार्थिनीला पूर्वीच्या होणाऱ्या नवऱ्याच्या खुनासाठी जन्मठेप दिली. प्रसादातून आर्सेनिक दिल्याचा आरोप होता. पुराव्यांत ब्रेन मॅपिंगच्या अहवालाला मोठं वजन दिलं गेलं. तिच्यासमोर वाक्यं लावली गेली, ‘मी आर्सेनिक विकत घेतलं’ अशा धर्तीची. ती गप्प बसून ऐकत होती आणि मशीन तिच्या वतीनं बोललं. जगभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, कारण असं कुठंच घडलं नव्हतं. त्याच वर्षी बंगळुरूच्या निमहान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनं सांगितलं की हे ब्रेन मॅपिंग शास्त्रीय कसोटीवर उतरत नाही, तपासात आणि कोर्टात त्याचा वापर थांबवावा. त्या मुलीला पुढे उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. ती दोषी होती की निर्दोष, हे मी ठरवणार नाही. पण डोक्यातल्या लहरींवरून जन्मठेप, हे वाचून आजही पोटात गोळा येतो.

इथे आपल्या जुन्या इतिहासाची आठवण होते. पेशवाईत आणि त्याही आधी वतनाचे, वाटणीचे तंटे साक्षी-कागदांनी सुटले नाहीत तर ‘दिव्य’ करायला लावत. रवा दिव्य म्हणजे उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा. मग हाताला पिशवी बांधून मोहोर लावायची आणि काही दिवसांनी उघडून पाहायचं. हात भाजला असेल तर माणूस खोटा. जो दिव्याला उभा राहणार नाही तो आपोआप हरला. गोतसभेतली ती माणसं दुष्ट नव्हती. त्यांचाही त्यावर मनापासून विश्वास होता, जसा आज आपला मशीनवर आहे. गावात चोरी झाली की भगताकडून मंतरलेले तांदूळ आणून संशयितांना चावायला द्यायचे, हेही जुन्या लोकांनी ऐकलेलं असेल. ज्याचं तोंड कोरडं पडेल, ज्याला तांदूळ गिळवणार नाही, तो चोर. पॉलिग्राफचं तत्त्व याहून फार वेगळं नाही. भीतीनं तोंड कोरडं पडतं, तसाच हाताला घाम येतो.

हे सगळं आपल्यापासून लांब, मोठ्या खटल्यांत चालतं असं वाटत असेल, तर एक जवळची गोष्ट सांगतो. नावं मुद्दाम देत नाही.

आपल्या भागातल्या एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावरून पट्टीचे पैसे वाटायला ठेवलेली रोकड कमी भरली. गल्ल्याला हात लावणारे तिघं-चौघं. संशय गेला तो लिहिण्याचं काम करणाऱ्या पोरावर, कारण तो नवा आणि गरीब. शेठनं पोलिसात तक्रार केली नाही. कुणीतरी सुचवलं की शहरात पैसे घेऊन लाय डिटेक्टर करून देणारे खासगी लोक आहेत, त्याला मशीनवर बसवा. दोघं जण माझ्याकडे आले. म्हणाले, “सर, तुमचं तो ऐकतो. त्याला समजवा. खरा असेल तर सुटेल ना!”

पोरगा संध्याकाळी आला. मी विचारलं, तुझं काय म्हणणं? तो म्हणाला, “सर, मी काहीच करेल नही, मंग कसाले भिऊ? बसस मी मशीनवर.”

बोलताना त्याचे हात थरथरत होते.

मी त्याला सांगितलं की तू बसू नकोस. मशीनला तुझी चोरी कळत नाही, तुझा थरकाप कळतो. आणि तुझा थरकाप खरा आहे, कारण तुझी नोकरी, तुझ्या आईचं औषध, बहिणीची ठरत आलेली सोयरीक, सगळं त्या कागदावर लटकणार आहे. शेठचं ज्याच्यावर काही लटकत नाही तो तिथे आरामात बसून येईल. शेठला म्हण, पोलिसात तक्रार द्या, मी चौकशीला येतो, वह्या तपासा, कॅमेरा पाहा. त्यानं तसं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्याला कामावर बोलावणं बंद झालं. गावात एकच वाक्य फिरलं, “नाही म्हणाला म्हणजे त्यानंच घेतले.”

पैसे कुणी घेतले हे मला आजही माहीत नाही. त्यानंच घेतले असतील, नसतीलही. पण दिव्याला उभा न राहणारा हरला, हा दोन-तीनशे वर्षांपूर्वीचा न्याय आपण मोबाईल हातात घेऊन जसाच्या तसा चालवतोय, एवढं मला नक्की कळलं.

अमेरिकेत पॉलिग्राफचं वेड सगळ्यात जास्त. तिथल्याच संसदेनं १९८८ मध्ये कायदा करून बहुतेक खासगी मालकांना कामगारांवर हे मशीन वापरायला मनाई केली. चोरीच्या तपासासारखे काही अपवाद ठेवले, पण त्यातही नुसत्या नकारावरून कामगाराला काढता येत नाही. कायदा करणाऱ्यांना चोरांचा पुळका नव्हता. मालक आणि नोकर यांच्यात ‘तुझी संमती आहे ना?’ या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो म्हणण्याला काय किंमत?

आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही हाच प्रश्न पोलिसांच्या बाबतीत विचारला. २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं, तेलगी मुद्रांक घोटाळ्यातल्या आरोपींच्या निमित्तानं, अशा सक्तीच्या चाचण्यांना हरकत नाही असं म्हटलं होतं. तेलगीनं आपली छपाईची यंत्रं मिळवली ती आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून, हे अनेकांना आठवत असेल. त्याची नार्को झाली आणि तिची चित्रफीत थेट टीव्हीवर आली. गुंगीत पडलेला माणूस मोठमोठ्या नेत्यांची नावं घेतोय आणि अख्खा देश जेवता जेवता पाहतोय. दवाखान्यात घेतलेल्या त्या चित्रफितीची राखण कुणी करायची होती, ती चॅनलवर कशी गेली, हे प्रश्न त्या गोंगाटात बुडून गेले.

मग ५ मे २०१० ला ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग कुणावरही सक्तीनं करता येणार नाही. मग तो आरोपी असो, संशयित असो की साक्षीदार. राज्यघटनेच्या कलम २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही आणि कलम २१ जगण्याचं, स्वातंत्र्याचं रक्षण करतं. हातावर दांडका मारून वदवणं आणि शिरेत औषध सोडून वदवणं, दोन्हीत माणसाची बोलायचं की गप्प राहायचं ही निवड हिसकावून घेतली जाते. बोटांचे ठसे, रक्त, डीएनए घेता येतो, कारण तो शरीराचा पुरावा आहे. मनातलं ज्ञान ही वेगळी गोष्ट आहे.

तरीही ही हौस गेलेली नाही. बिहारमधल्या एका प्रकरणात जामिनाच्या सुनावणीत सगळ्या आरोपींची नार्को करू, असं पोलिसांनी सांगितलं आणि उच्च न्यायालयानं ते मान्य केलं. ९ जून २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं आणि सेल्वीचा निकाल पुन्हा समजावून सांगितला.

म्हणजे मोर्चात आपण ‘नार्को करा’ म्हणतो तेव्हा पोलिसांच्या हातात नसलेलीच गोष्ट मागतो. संशयित तयार असेल तरच ती होते, आणि तेव्हाही अटी आहेत. संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायची, वकील हवा, चाचणीचे शरीरावर, मनावर आणि खटल्यावर काय परिणाम होतील ते आधी समजावायचे, चाचणी पोलिसांनी नव्हे तर रुग्णालयासारख्या स्वतंत्र यंत्रणेनं घ्यायची. गुंगीत जे बोललं गेलं ते कबुलीजबाब म्हणून चालत नाही. त्यावरून पुढे काही वस्तू सापडली तर त्या वस्तूला महत्त्व. वसईच्या तरुणीच्या दिल्लीतल्या खुनात २०२२ मध्ये आरोपीची संमतीनं नार्को झाली. देशभर तीच चर्चा होती. पण ती हाडं त्या मुलीचीच आहेत हे सिद्ध केलं डीएनएनं, वडिलांच्या नमुन्याशी जुळवून.

कुणी म्हणेल, बिचाऱ्या मेलेल्यांचं काय? त्यांच्या आईबापांचं काय? गुन्हेगाराच्या मनाची एवढी काळजी कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला मी कायद्याची कलमं ऐकवणार नाही. पण त्याला खरा गुन्हेगार हवा असतो, कुणीतरी एक गुन्हेगार नव्हे. चुकीचा माणूस आत बसला म्हणजे खरा बाहेर फिरतो. मालेगावात ज्यांनी कबरस्तानात माती दिली, त्यांना विचारा.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल आपल्याकडे बोललं जात नाही. या चाचण्या घेणारे लोक मनाचं शास्त्र शिकलेले असतात. हे शास्त्र माणसाला बरं करायला जन्माला आलं. तेच उलटं वापरलं तर काय होतं हे अमेरिकेनं दाखवलं. जेम्स मिचेल आणि ब्रूस जेसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००१ च्या हल्ल्यानंतर सीआयएला कैद्यांच्या छळाची पद्धत आखून दिली. सतत असह्य त्रास दिला की प्राणी सुटकेची धडपडच सोडून देतो, हे साठच्या दशकात कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. ती लाचारी माणसात निर्माण करायची, ही त्यामागची कल्पना. तिथल्या सिनेटच्या २०१४ च्या अहवालानुसार त्यांच्या कंपनीला ८ कोटी १० लाख डॉलर मिळाले. २०१५ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचीच चौकशी झाली. संघटनेतल्या काही बड्या लोकांनी संरक्षण खात्याला सोयीचे नियम ठेवले होते, हे बाहेर आलं. त्यानंतर संघटनेनं ठराव केला की सदस्यांनी राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखालच्या अशा चौकशांत भाग घ्यायचा नाही.

आपल्याकडे याचा संबंध काय? आपल्याकडे माणूस मनाच्या डॉक्टरकडे जायलाच तयार नसतो. भाव पडला, बाग गेली, कर्ज थकलं, झोप उडाली, तरी “मी काय येडा आहे का?” म्हणतो. मोठ्या मिनतवारीनं एखादा जातो. तिथे बोललेलं तिथेच राहील, या एका विश्वासावर जातो. मनाचा जाणकार म्हणजे आपलं गुपित काढून साहेबाला, शेठला, सासरच्यांना देणारा माणूस, असं एकदा डोक्यात बसलं की तो दरवाजा बंद. मग ज्याला खरंच गरज आहे तोही जाणार नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मनाची कुठलीही चाचणी समोर आली, कोर्टकचेरीत असो, नोकरीत असो, की लग्न ठरवताना असो, तीन प्रश्न विचारा. ही कुणासाठी आहे, माझ्यासाठी की माझ्यावर हुकूम चालवणाऱ्यासाठी? निकालाचा कागद कुणाच्या हातात जाणार? आणि मी नाही म्हणालो तर माझं काय होईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नुकसान’ असं असेल तर तिथे संमतीचा अंगठा घेऊ नये आणि देऊही नये.

पुढच्या निवेदनात मागायचं असेल तर हे मागा: घटनास्थळ पहिल्या तासात बंदिस्त करा. पंचनामा नीट करा. मोबाईलचे रेकॉर्ड आणि कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जाण्याआधी ताब्यात घ्या. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे अहवाल वेळेत आणा. साक्षीदाराला संरक्षण द्या. तपास अधिकाऱ्याची मध्येच बदली करू नका. यात इंजेक्शनसारखी गंमत नाही, टीव्हीवर दाखवण्यासारखं काही नाही. पण कोर्टात आरोपी सुटतात ते बहुतेक वेळा याच गोष्टींत ढिलाई झाली म्हणून.

निवेदनाचा मसुदा करणाऱ्या तरुण मित्रांपर्यंत हे पोहोचवा. मत वेगळं असेल तर खाली जरूर लिहा, फक्त कुणाचं नाव घेऊन ‘याची नार्को करा’ असं लिहू नका.